तिसऱ्या प्रकरणातली बहीण

लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मी बायकोला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर परत आलं. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ आणि समासात बारीक अक्षरात शेरा: 'ही ओळ अनावश्यक. परिणाम तिसऱ्या ओळीतच साधला आहे.' शेवटच्या ओळीत फक्त 'तुझाच' एवढंच होतं. तेव्हा मला हसू आलं. अजूनही अधूनमधून येतं, पण बहुतेक वेळा कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

माझी बायको साहित्याची प्राध्यापक, विभागप्रमुख आणि वर समीक्षक. कॉलेजात सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून घरी मीही बाईच म्हणतो. मी दातांचा डॉक्टर. दिवसभर लोक माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसतात आणि त्यांना एक शब्द बोलता येत नाही. संध्याकाळी घरी गेलं की त्या खुर्चीत मी असतो. दवाखान्यात मी 'रात्री झोपण्यापूर्वी दात घासा' अशी पाटी लावली होती. बाई एकदा औषध घ्यायला आल्या आणि 'रात्री' या शब्दावर काट मारून गेल्या. झोपण्यापूर्वी म्हटल्यावर रात्री कशाला, असं त्यांचं म्हणणं. रात्रपाळीवाले दिवसा झोपतात, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "मग तर 'रात्री' चूकच आहे." आता यावर माणसाने काय बोलायचं?

पण बाईंनी हा स्वभाव फुकटात मिरवलेला नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या प्राचार्यांचा कवितासंग्रह आला. अख्ख्या विभागाने त्यावर गोडगोड लिहिलं. बाईंनी लिहिलं, 'या संग्रहाचा कागद उत्तम आहे.' त्यानंतर ते प्राचार्य निवृत्त होईपर्यंत बाईंची बढती काही हलली नाही. मागून आलेले पुढे गेले आणि बाईंच्या वाट्याला सकाळचे पहिले तास आणि जिन्याखालची ओल धरलेली खोली आली. मी वैतागून म्हटलं होतं, "एक ओळ बरी लिहिली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?" त्या म्हणाल्या, "कुठली ओळ ते दाखवा, लिहिते." मी तो संग्रह दोनदा वाचला. ओळ सापडली नाही. तेव्हापासून या बाबतीत मी बाईंच्या बाजूचा आहे. मात्र एखाद्याच्या बाजूचं असणं वेगळं आणि त्याच्याबरोबर एका घरात राहणं वेगळं.

बाईंची स्वतःची एकच तक्रार होती, ती म्हणजे लेखक ऐकत नाहीत. "इतकी वर्षं लिहितेय," त्या म्हणायच्या, "एका माणसाने माझं ऐकून एक स्वल्पविराम हलवलेला नाही. रागावतात, बोलणं टाकतात, पण पुढच्या आवृत्तीत सगळं जसंच्या तसं. मी भिंतीशी बोलायची नोकरी करते." हे त्यांचं ठाम मत होतं आणि पुढचा सगळा घोटाळा त्या मतातून झाला.

झालं असं, की एका रविवारी दादा आले. दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होते, आता निवृत्त. वहिनी गेल्यापासून एकटेच असतात. इतका गरीब माणूस मी पाहिलेला नाही. दुकानदाराने चुकीच्या मापाचा बूट दिला तरी 'बरं' म्हणतील आणि पायाला समजावतील. वडील लवकर गेले, आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला, त्यामुळे बाईंना खरं तर दादांनीच वाढवलं. त्या दिवशी त्यांच्या हातात कागदांचं जाडजूड बाड होतं. एका बोटाने टाइप केलेल्या स्वतःच्या आठवणी.

"चिंगे, जरा नजर घालशील का यावरून?" दादा म्हणाले. विभागप्रमुखांना चिंगी म्हणणारा आता जगात हा एकच माणूस उरला आहे.

"कोणासाठी लिहिलंस?" बाईंनी विचारलं. हा त्यांचा प्रत्येक लेखकाला पहिला प्रश्न असतो.

दादा गोंधळले. "कोणासाठी म्हणजे... असंच. तू वाचशील म्हणून."

"मी वाचणार म्हणजे इतरांचं वाचते तसंच वाचणार. छान म्हणून हवं असेल तर न वाचता आत्ताच म्हणते, बाड घरी घेऊन जा."

"नाही नाही, तू वाचतेस तशीच वाच. मी काही बोलणार नाही," दादा घाईघाईने म्हणाले आणि बाड टेबलावर ठेवून चहाही न पिता निघाले.

बाईंच्या आधी मी ते वाचलं. दवाखान्यात घेऊन गेलो आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचत राहिलो. खरं सांगायचं तर बरंचसं पाण्याच्या नळांबद्दल होतं. कुठल्या उंचीवर टाकी, कुठली झडप कधी बंद करायची. पण तिसरं प्रकरण वेगळं होतं. आईची संध्याकाळची पाळी असली की ही दोघं भावंडं जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून तिची वाट बघायची. घरात अंधार असायचा आणि चिंगीला एकटीने आत जायची भीती वाटायची. मग दादा तिला गोष्ट सांगायचे. रानात पाणी नाही म्हणून विहीर खणणाऱ्या अस्वलाची. गोष्टीत विहीर ढासळायची आणि अस्वल आत गाडलं जायचं. चिंगी म्हणायची, असं नको. मग दादा वरून ससा दोर टाकतोय असं सांगायचे. चिंगी म्हणायची, ससा अस्वलाला ओढेल का, काहीतरीच. मग कासव, मग माकड. काहीच पटायचं नाही. शेवटी दादांनी सांगितलं, वर अस्वलाची बहीण उभी होती. तेव्हा कुठे तिला पटलं. प्रकरणाच्या शेवटी दादांनी लिहिलं होतं, 'माझी बहीण पुढे मोठी समीक्षक झाली. तिचा पहिला लेखक मी. तिला पटेपर्यंत मी गोष्ट बदलत असे.'

मी बाड मिटलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. खुर्चीतल्या पेशंटने माझा चेहरा बघितला आणि आपल्या दाढेचं काही खरं नाही असं त्याला वाटलं. दादांनी हे पुस्तक कशासाठी लिहिलंय ते मला तिथल्या तिथे कळलं. नळ आणि झडपा हे सगळं निमित्त. त्यांना एवढंच हवं होतं की चिंगीने हे पान वाचावं आणि काहीतरी म्हणावं. माझ्यासारख्या दात उपटणाऱ्याला जे कळलं ते साहित्याच्या प्राध्यापकाला कळेल, असं मी धरून चाललो. माझंच चुकलं.

आठवडाभर बाई लाल पेन घेऊन बसल्या. मी अधूनमधून खांद्यावरून डोकावत होतो. 'आईचं पात्र सपाट आहे,' असा एक शेरा दिसला.

"अगं, ती तुझी आई होती," मी म्हटलं.

"आई सपाट नव्हती. दादाने सपाट केलीये."

मुख्य जलवाहिनी फुटते त्या प्रसंगाला मात्र 'उत्तम' मिळालं. आणि मग तिसरं प्रकरण. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिरकी लाल रेघ. समासात लिहिलं होतं, 'लहान बहिणीचं पात्र भावविवश. निवेदक तिच्यात अडकून पडतो. हे प्रकरण आणि हे पात्र पूर्ण गाळल्यास पुस्तक घट्ट होईल.'

मी ते दोनदा वाचलं. मग मला राग आला. "तू स्वतःलाच गाळलंस," मी म्हटलं.

"मी नाही, ते पात्र आहे."

"पात्र कसलं डोंबलाचं? चिंगी म्हणजे कोण मग?"

"तुम्ही ओरडू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी पेनचं टोपण लावलं, परत काढलं. "सगळ्या गावाच्या पुस्तकांवर मी कोरडे ओढते. आणि माझ्या भावाच्या पुस्तकात माझं कौतुक आहे, ते मात्र गोड वाटलं म्हणून ठेवायचं? उद्या कोणीही म्हणेल, बाईंना नातं आडवं आलं. मला माझ्यावरची रेघ सगळ्यांत आधी ओढायला हवी."

"आणि दादांना काय वाटेल?"

"काही नाही वाटणार. तो ठेवेल ते प्रकरण. लेखक ऐकतात का कधी?"

दादा बाड न्यायला आले तेव्हा मी मुद्दाम घरी थांबलो होतो. उभ्याउभ्याच त्यांनी पानं उलटली. आईच्या शेऱ्यावर थोडं हसले. तिसऱ्या प्रकरणापाशी आले आणि थांबले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, परत वाचलं. बाई समोर बसून कुठल्याशा विद्यार्थ्याचा प्रबंध तपासत होत्या. मान वर केली असती तरी पुरलं असतं.

"बरं," दादा म्हणाले.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "दादा, ते तिसरं प्रकरण मला फार आवडलं. ते राहू दे."

"तुम्हाला आवडलं, डॉक्टर? बरं वाटलं," ते म्हणाले आणि बाड काखेत मारून चालायला लागले. माझ्या आवडण्याची किंमत किती, ते मला त्यांच्या चालीवरून कळलं. मी परत आलो आणि बाईंशी दोन दिवस बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हा त्यातला सगळ्यांत चीड आणणारा भाग.

पुढे बरेच महिने गेले. एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक काढायचं ठरवलं आणि प्रकाशनाला बोलायला बाईंनाच बोलावलं. मला वाटलं, नाही म्हणतील. नातेवाइकाच्या पुस्तकावर त्या कधी बोलत नाहीत. पण हो म्हणाल्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो तर बाई भाजी चिरता चिरता काहीतरी पुटपुटत होत्या.

"काय चाललंय?"

"तिसरं प्रकरण वाचून दाखवणार आहे उद्या. अस्वलाचं." सुरी थांबली. "चांगलं आहे हो ते. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मी घाबरले होते ते वाचून. कोणी माझ्याबद्दल असं काही लिहील असं कधी वाटलंच नव्हतं. मग जे हातात होतं ते चालवलं."

"हातात लाल पेन होतं."

"हो ना."

इतक्या वर्षांत बाईंनी स्वतःचं परीक्षण मागे घेतल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होतो. मला इतकं बरं वाटलं की मी सुरी त्यांच्या हातातून घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरली. "मग आत्ताच फोन करून सांग दादांना," मी म्हटलं.

"नको. उद्या सगळ्यांसमोर कळू दे त्याला. एवढी वर्षं कोणाचं कौतुक केलं नाही, आता करायचंच तर माइकवर करते."

मीही मूर्खासारखा 'वा' म्हटलं. पुस्तक छापून झालंय, छापलेली पानं एकदा बघून घे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि बाईंना बघायची गरज वाटली नाही, कारण त्यांनी ते वाचलेलं होतं. लेखक काही बदलत नाही यावर तर त्यांची श्रद्धाच होती.

कार्यक्रम सकाळी वाचनालयाच्या सभागृहात होता. पंखे करकरत होते, खुर्च्यांवर पाणीखात्यातले निवृत्त लोक, बाईंचे काही विद्यार्थी, दादांचे शेजारी. बांधणीवाल्याकडून प्रती ऐनवेळी आल्या. गठ्ठा मंचावरच सोडला आणि एकेक प्रत वाटली. दादा नवा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते.

बाई बोलायला उठल्या. सुरुवातीला जलवाहिनीचं कौतुक केलं, आईच्या पात्राबद्दल दोन शब्द नेहमीच्या कडकपणाने बोलल्या, लोक हसले. मग आवाज बदलला. "पण या पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं पान वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या लेखकाला ते चांगलं आहे हे ठाऊक नसावं, म्हणून मी वाचून दाखवते. तिसरं प्रकरण."

त्यांनी पुस्तक उघडलं. पान उलटलं. मग आणखी एक. मागे आल्या. अनुक्रमणिका काढली, तिच्यावरून बोट फिरवलं, पुन्हा तिसरं प्रकरण उघडलं. तिथे दादांच्या प्रशिक्षणाचं वर्ष होतं. माइकमधून सभागृहभर पानांची सळसळ ऐकू येत होती. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. माझ्या हातातल्या प्रतीत मीही शोधत होतो, आणि मला कळून चुकलं होतं.

"इथे एक प्रसंग होता," बाई म्हणाल्या. "जिन्यावरचा."

दादा खुर्चीतून थोडे पुढे झुकले. "काढला तो," ते हळूच म्हणाले. पण माइकने ते पकडलं.

"का?"

"तू लिहिलं होतंस ना. म्हणालीस, पुस्तक घट्ट होईल."

लोक हसले. त्यांना वाटलं भावाबहिणीची ठरवलेली गंमत आहे. दादा बिचारे लोकांकडे वळून माफी मागितल्यासारखे म्हणाले, "लहानपणापासून हिला पटेपर्यंत मी गोष्ट बदलत आलोय." त्यावर टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या कशालाच पडल्या नाहीत.

बाई पुस्तक हातात धरून उभ्या होत्या. आयुष्यभर ही बाई बोलून पोट भरत आली, तिला त्या क्षणी एक वाक्य जुळवता येईना. "धन्यवाद," एवढंच म्हणून ती बसली. सूत्रसंचालकाने बाईंना खोकला झाला असावा असं समजून पाणी नेऊन दिलं.

परतताना गाडी मी चालवत होतो. दादा आमच्याकडेच जेवायला यायचे होते. मागच्या सीटवर मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन बसले होते.

"वाईट वाटून घेऊ नकोस, चिंगे," शेवटी दादा म्हणाले. "दुसऱ्या आवृत्तीत घालू."

पाणीखात्यातल्या इंजिनियरच्या आठवणींची दुसरी आवृत्ती निघत नाही. हे बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं आणि दादांनाही माहीत होतं. मला सगळ्यांचाच संताप आला. समोर एक सायकलवाला आपल्या बाजूने नीट चालला होता, त्याच्यावर मी विनाकारण हॉर्न वाजवला.

"दादा, तुम्ही एकदा तरी हिला उलटं का नाही बोललात?" मी म्हटलं. "एक शब्द. 'नाही काढणार,' एवढं म्हणायचं. सगळे लेखक म्हणतात."

"तिला कळतं ना त्यातलं."

"काय कळतं? कपाळ कळतं!"

"तसं नव्हे, डॉक्टर." दादा गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळत होते, ते मला आरशात दिसत होतं. "ती आता मोठी माणूस आहे. मला वाटलं, तिला नसेल यायचं माझ्या पुस्तकात. तसं तोंडावर सांगता येत नाही, म्हणून तिने तिच्या भाषेत लिहिलं. मग मी कशाला आग्रह करू?"

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. घर येईपर्यंत त्यांनी ते वळवलं नाही. मला त्यांची कीव आली आणि तरी राग काही जाईना. दोघंही इतकी चांगली माणसं, आणि दोघांनी मिळून त्या पुस्तकातून आपलं लहानपण उपटून टाकलं. मी तरी आधी भूल देतो.

आम्ही जेवायला बसलो. बाईंनी दादांना तिसऱ्यांदा भाजी वाढली, दादांनी 'बरं' म्हणून ती खाल्ली. मी ताटं उचलायला लागलो तेव्हा बाई हात न धुता तशाच बसून होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "ती गोष्ट सांग ना. अस्वलाची. मूळ होती तशी."

"मूळ कुठली आता?" दादा म्हणाले. "तुझ्या हरकतींतून जी उरली तेवढीच आठवते."

"तीच सांग."

दादांनी घसा खाकरला. एक रान होतं. रानात पाणी नव्हतं. एका अस्वलाने ठरवलं, विहीर खणायची. पाणीखात्यातला माणूस असल्यामुळे विहीर किती खोल, माती कसली, कडेला आधार कसा द्यायला हवा होता, हे सगळं आलं. मी एरवी वैतागलो असतो. बाई हाताची बोटं एकमेकांत अडकवून ऐकत होत्या. मग विहीर ढासळली. अस्वल आत राहिलं. वर मातीचा ढीग झाला.

आणि दादा थांबले. भिंतीकडे बघत बसले. मला वाटलं, विसरले. मग लक्षात आलं, ते वाट बघतायत. या जागी नेहमी कोणीतरी त्यांना अडवायचं.

बाई काही बोलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या गोष्टीत बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तेही नेमकं आत्ता. मी ताटं हातात घेऊन उभा होतो. आता ओरडावं की काय, असं मला झालं.

"काहीतरी बोल गं," दादा म्हणाले. "तू बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"असं नको," ती म्हणाली. "वर त्याची बहीण होती."

"होती का?"

"होती. तिथेच होती."

"बरं," दादा म्हणाले. "मग ओढ म्हणावं तिला. किती वेळ लावते."